नीटनेटकं टॅराबूल आणि पट्टेरी बिऱ्हाडं

टॅराबूल, ४ मार्च १९८६

मर्व्ह भावजी,

हे पत्र तुमची वहिनी लिहीत नाही, टॅराबूल गाव-सुशोभन समितीची चिटणीस लिहिते आहे. क्लॅरीच्या दफनाच्या दिवशी आपलं जे काही झालं, त्याला आता साडेतीन वर्षं होतील. तेव्हापासून आपण एका गावात राहून एकमेकांचं तोंड बघत नाही. मला त्याचं काही नाही. पण समितीला अबोला धरता येत नाही, तिला इतिवृत्त लिहावं लागतं.

विषय असा की, राज्यातल्या सर्वांत नीटनेटक्या गावाच्या स्पर्धेत आपण उतरलो आहोत. गेल्या वर्षी शेजारच्या कॅम्बूनने बक्षीस पटकावलं. ज्या गावाला धड फुटपाथ नाही, ते! परीक्षक ऑक्टोबरात येतील. मुख्य रस्त्यावर गुलाब लागले, युद्धस्मारक घासून झालं, आमचे अध्यक्ष वॉली ग्रिबल यांनी खाटीकखान्यासमोरचा आपला कुत्रासुद्धा धुऊन काढला. उरला तुमचा कचरा डेपो. हायवेवरून येणाऱ्या माणसाला गावाच्या पाटीआधी तुमचे गंजके सांगाडे दिसतात. एकशे बारा गाड्या. मी स्वतः दुर्बिणीतून मोजल्या. कुंपणावर वाळत घातलेल्या तुमच्या लांब चड्ड्याही दिसल्या, पण त्या मी इतिवृत्तात घेतल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये गाड्या चेपणारं यंत्र येणार आहे. डेपोचे रखवालदार म्हणून सोबतच्या कागदावर सही करून तो कॉलिनच्या कचरागाडीतून परत पाठवा. डेपोवर फोन घ्यायला तुम्ही नकार दिलात, म्हणून हा मार्ग.

त्या सांगाड्यांत क्लॅरीची हिरवी गाडी अजून उभी आहे असं कॉलिन म्हणाला. मला वाटलं होतं, ती केव्हाच गेली असेल.

एनिड टकवेल
चिटणीस


कचरा डेपो, ८ मार्च

एनिड वहिनी,

चिटणीसबाईंचा कागद पावला. टेबल डुगडुगत होतं, आता डुगडुगत नाही.

सही मिळणार नाही. माझ्याकडे बिऱ्हाडं आहेत. हसू नका. पट्टेरी बँडिकूट. घुशीपेक्षा थोडं थोराड, ढुंगणावर तीनचार फिकट पट्टे, आणि नाक इतकं लांब की समितीवर सहज निवडून येईल. पोटाला पिशवी, तिचं तोंड मागे, म्हणजे आई माती उकरते तेव्हा पोरांच्या डोळ्यांत जात नाही. साडेबारा दिवसांत बाळंत होते. इतकी घाई दुसऱ्या कुणाला नसेल, पण तिला माहीत आहे की आपल्याला वेळ कमी आहे.

आपला आजा इथे मेंढ्या घेऊन आला तेव्हा हे सगळं पठार कंबरभर गवताचं होतं आणि त्या गवताच्या बुडाशी ही मंडळी राहायची. गवत मेंढ्यांनी खाल्लं. मग बड्या लोकांना रविवारी शिकार हवी म्हणून बोटीतून ससे आणले, कोल्हे आणले. सशांनी उरलंसुरलं गवत खाल्लं, कोल्ह्यांनी यांना खाल्लं. कोल्ह्याच्या जोडीला मांजरं होतीच. आता या पठारावर हे प्राणी कुठे उरलेत म्हणाल, तर माझ्या उकिरड्यावर. मोटारीच्या सांगाड्याखाली वीतभर फट असते. यांचं अंग आत जातं, कोल्ह्याचे खांदे अडकतात. कुणी शिकवलं नाही त्यांना. गवत गेलं तर गंज चालवून घेतला, एवढंच.

चाळीस आहेत. मीही मोजतो, पण दुर्बिणीशिवाय. सगळ्यांत चांगली जागा हिरव्या गाडीखाली आहे. तिथे एक दुमडक्या कानाची राहते. मागच्या सीटचा काथ्या ओढून तिने घर केलंय.

क्लॅरीदादा गेला त्याच्या सहाव्या दिवशी तुम्ही ती गाडी इकडे लोटून दिलीत. मी ठेवली. चुकलं असेल तर चुकलं.

मर्व्ह


टॅराबूल, २० मे १९८६

मर्व्ह भावजी,

तुमचं मार्चचं पत्र मी थट्टा समजून समितीसमोर ठेवलंच नव्हतं. आता ठेवावं लागलं. तुम्ही परस्पर मेलबर्नला कळवून त्या डॉ. स्टॅव्हरू बाईंना बोलावलंत, त्या नऊ दिवस तुमच्या उकिरड्यावर पिंजरे लावून बसल्या आणि मग पेपरात फोटो आला: तुम्ही (दाढीसकट), त्या, आणि मध्ये तो लांबनाक्या. खाली छापलं होतं, ‘या पठारावरची शेवटची वस्ती’.

भावजी, आम्हाला हे आधी का सांगितलं नाहीत? स्पर्धेत स्थानिक वन्यजीवांना पंधरा गुण आहेत! कॅम्बूनकडे बदकांशिवाय काही नाही.

त्या दिवसापासून गावाला दुसरा विषय नाही. शाळेच्या पोरांनी शेपट्या शिवल्या आहेत. बेकरीत पट्टेरी बन निघाले, पट्टे चॉकलेटचे. वॉली ग्रिबलने ‘बँडिकूट सॉसेज’ काढलं. त्यात बँडिकूट नाही अशी पाटी लावायला मी सांगितली, कारण दोघीजणींनी येऊन हळूच विचारलं. गावाच्या पाटीवर आता मेंढा जाऊन बँडिकूट आलं आहे. रंगवणाऱ्याने त्याला हसतं केलं आहे.

मात्र एक गोष्ट सगळ्यांच्या मनाला लागली. इतका दुर्मीळ जीव, टॅराबूलचा मान, आणि राहतो कुठे, तर कचऱ्यात! परीक्षकांना काय सांगायचं? आपल्या गावात पाहुण्याला भंगारात झोपवतात असं? म्हणून समितीने एकमताने ठरवलं आहे की गाड्या हलवून तिथे हिरवळ करायची, भोवती गुलाबाची कुंपणं, आणि चोवीस सुबक लाकडी घरं. फिकट पिवळा रंग, दाराला हिरवी चौकट, प्रत्येकावर देणगीदाराचं नाव. एक मी दिलं आहे.

डॉ. स्टॅव्हरूंनी कशालाही हात लावू नका असं कळवलं आहे, पण त्या शहरातल्या, त्यांना गावाच्या अब्रूचं काय! सरकारी खात्याला विचारलं, तर ते म्हणाले, आमच्या योजनेचा मसुदा पुढल्या वर्षी येईल, तोवर आमचं काही मत नाही. मत नाही म्हणजे हरकत नाही.

आता तरी खूश व्हा. तुमच्याच बिऱ्हाडांसाठी चाललंय हे सगळं.

एनिड


कचरा डेपो, २४ मे

वहिनी,

तीन दिवस मी हे पत्र लिहितोय. आधीच्या दोन कागदांवर फक्त शिव्या होत्या, त्या जाळल्या.

नीट ऐका. तुमचं मन वाईट नाही, म्हणूनच मला धडकी भरलीय. तुम्ही बाई या जनावरांच्या जिवावर उठल्या असतात तर मी बंदूक घेऊन फाटकावर बसलो असतो. माया करणाऱ्याला कसं अडवायचं?

हिरवळ म्हणजे कोल्ह्याचं जेवणाचं टेबल. झाकलेलं काही नाही, पळायला फट नाही, आणि दाराला हिरवी चौकट, म्हणजे त्यालाही कळावं कुठून आत जायचं. लाकडी घराला एकच दार असतं. गाडीला किती असतात? गंज लागला की वीस. या बाया एका फटीतून आत जातात आणि चौथीतून बाहेर पडतात, तेवढ्यावर जगल्यात. त्यांना पसारा लागतो, वहिनी. पसाऱ्यात जगायला शिकायला त्यांना चाळीस वर्षं लागली. तुम्ही त्यांना नीटनेटकं व्हायला एक आठवडा देताय.

आपल्या लोकांचं हे नेहमीचंच. भलं करायला गेलो की काहीतरी संपतं. सशांचा उपद्रव झाला म्हणून मांजरं सोडली, तेही भलंच होतं. आजवर या तालुक्यात एकही प्राणी कुणी दुष्टपणाने संपवला नाही. सगळे सभेत ठराव करून संपवले.

माझं बोलणं वाईट वाटलं तर वाटू दे, पण एकदा या. दिवेलागणीला या, कोट घालून, कुंपणाशी उभ्या राहा, काही बोलू नका. हिरव्या गाडीकडे बघा. दुमडक्या कानाच्या पिशवीत तीन आहेत. बघून झाल्यावर हवं तर तिच्या तोंडावर सांगा की तुझं घर नीट दिसत नाही.

क्लॅरीदादा आला असता.

मर्व्ह


टॅराबूल, २ जून

मर्व्ह,

क्लॅरीने काय केलं असतं हे मला कुणी शिकवू नये. तेवीस वर्षं मी त्याच्याबरोबर काढली.

दफनाच्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्या गावासमोर तुम्ही ओरडलात की माझा भाऊ थंड पण झाला नाही आणि हिने त्याची गाडी विकायला काढली. मी विकायला काढली नव्हती. आज सांगते. त्या गाडीत त्याच्या तंबाखूचा वास होता. गॅरेजचं दार उघडलं की तो घरभर यायचा आणि मला वाटायचं, आला. दिवसातून चारपाच वेळा मला वाटायचं, आला. सहा दिवस मी ते सोसलं. मग कॉलिनला म्हटलं, ने, कुठेही ने, मला सांगू नकोस. आणि तुम्ही ती हायवेवरून दिसेल अशी उभी केलीत. कॉलिनने सांगितल्यापासून मी गुलाबांना पाणी घालायला गेले तरी तीच दिसते.

सात विरुद्ध शून्य मतांनी ठराव मंजूर आहे. तुमची सही नसली तरी चालेल असं कौन्सिलने लिहून दिलं आहे. यंत्र १८ ऑगस्टला येईल. सगळ्या जातील.

एनिड टकवेल


कचरा डेपो, २३ ऑगस्ट

श्रीमती टकवेल,

समितीच्या माहितीसाठी.

१८ तारखेला सकाळी मी फाटकासमोर खुर्ची टाकून बसलो. साडेसातला कॉन्स्टेबल आला. मला ‘काका’ म्हणाला, खुर्चीसकट उचललं आणि ठाण्यावर नेऊन चहा पाजला. पोरगा सभ्य आहे. दुपारी चारला सोडलं. हिरवी गाडी पहिल्याच फेरीत गेली असं यंत्रावरचे लोक म्हणाले. मी ते बघितलं नाही, त्याबद्दल कॉन्स्टेबलचे आभार.

तीन दिवसांत काम झालं. जागा छान दिसते. हिरवळीचे तुकडे ट्रकमधून गुंडाळ्यांनी आले, सतरंज्या टाकाव्या तसे टाकले. चोवीस घरं एका रांगेत. तुमच्या नावाचं घर कोपऱ्यावर आहे.

पहिल्या सकाळी घरांबाहेर कोल्ह्याचे ठसे. दुसऱ्या सकाळी ठसे आणि शेपट्या. हिरवळीवर लगेच दिसतात, वेचायला सोपं जातं. आज मी मोजलं. नऊ. आणखी काही हायवे ओलांडायला निघून चाकांखाली गेले, ते नवात धरलेले नाहीत.

दुमडक्या कानाची त्यांत नाही.

तुम्ही मला तंबाखूच्या वासाचं लिहिलंत. ते वाचून मी दोन दिवस तुमच्या बाजूने होतो. मी तेव्हा जे ओरडलो ते चूक होतं, हे लिहायला बसलोही होतो. मग १८ तारीख आली. आता माझ्याकडून पुन्हा पत्र येणार नाही.

म. टकवेल
रखवालदार (राखायला काही नाही)


टॅराबूल, २७ ऑक्टोबर १९८६

मर्व्ह भावजी,

मी सप्टेंबरात दोनदा पाठवलेली चिठ्ठी कॉलिनने तशीच परत आणली. ही तरी उघडा. वाटल्यास नंतर टेबलाखाली घाला.

परवा परीक्षक आले. पोरांनी शेपट्या लावून गाणं म्हटलं. वॉलीने भाषण केलं, त्यात ‘वारसा’ हा शब्द अकरा वेळा आला. मग ते गृहस्थ तुमच्या हिरवळीवर गेले, घरं बघून खूश झाले, पावलापावलाला ‘वा!’ म्हणाले आणि शेवटी म्हणाले, “आता एखादं बँडिकूट दाखवा की.”

वॉली म्हणाला, “ते दिवसा झोपतात हो.” परीक्षक म्हणाले, “मग झोपलेलं दाखवा.” एका घराचं छप्पर उचललं. रिकामं. दुसरं, तिसरं, तसंच. पाचव्यात वॉलीच्या बायकोने सकाळी गुपचूप ठेवलेलं शाळेतलं कापडी बँडिकूट निघालं, चॉकलेटी लोकरीचं. परीक्षकांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि कुजबुजले, “किती शांत झोपलंय!” पंधरापैकी चौदा गुण दिले. एक गुण शेपटीची शिवण उसवली होती म्हणून कापला की काय कोण जाणे.

आपण जिंकलो. गावभर पताका आहेत. बँड वाजू लागला तेव्हा मी उठून घरी आले.

आता जे मी लिहिणार आहे, ते पाच महिने लपवलं.

मी आले होते. तुमचं मे महिन्यातलं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, कोट घालून. तुम्ही खोपटात क्रिकेटची जुनी वर्णनं ऐकत होतात, खिडकीतून ऐकू येत होतं. मी कुंपणाशी उभी राहिले. सात दिसले. ती दुमडक्या कानाची गाडीखालून निघाली, माझ्यापासून दोन हातांवर आली आणि नाक मातीत घालून फुरफुरत उकरत बसली. मला तिने हिशेबातच धरलं नाही. गाडीचं दार उघडं होतं. वास गेला होता, भावजी. मी आत डोकं घालून हुंगलं. नुसता गंज आणि ओल्या मातीचा वास होता, आणि मी तिथे उभी राहून रडले, कारण मला तो हवा होता.

मग मी घरी जाऊन तुम्हाला ते जूनचं पत्र लिहिलं. का लिहिलं? कारण ठराव झाला होता. यंत्राची तारीख ठरली होती, पोरांच्या शेपट्या शिवून झाल्या होत्या, आणि ठरावाचा कागद माझ्याच अक्षरात होता. पुढच्या सभेत मी दोनदा खाकरले. वॉलीने विचारलं, “एनिड, काही म्हणायचंय?” मी म्हटलं, “चहा थंड होतोय.” माझ्यात धमक नव्हती. चाळीस जीव होते आणि मी चहा म्हटलं. हे तुम्ही मला जन्मभर सुनावा, मी ऐकेन.

एवढंच केलं, की १८ तारखेला तुम्हाला ठाण्यावर नेल्यावर मी डेपोवर गेले. पोती, तारेची जाळी आणि सोबत कॉलिन. हिरव्या गाडीच्या सगळ्या फटी पोत्यांनी बुजवल्या, खालून जाळी बांधली, आणि यंत्रवाल्यांना समितीच्या कागदावर लिहून दिलं की ही एक गाडी चिटणीस ताब्यात घेत आहेत. ती पहिल्याच फेरीत गेली ती चेपायला नाही. माझ्या परसात आली, आणि तिथे मी पोती आणि जाळी काढली.

दुमडक्या कानाची आत होती की आधीच पळाली, मला कळायला मार्ग नव्हता. तुमचं पत्र आलं तेव्हाही नव्हता. तिच्याशिवायची गाडी दाखवून तुमची क्षमा मागायची मला लाज वाटली. नऊ आठवडे मी रोज सकाळी परसात जायची आणि हिरवळ जशीच्या तशी. गेल्या मंगळवारी हिरवळीत एक भोक दिसलं. बुधवारी चौदा. काल संध्याकाळी मी पायरीवर बसले होते, तर ती निघाली. मागे दोन पिल्लं, आता अंगाने वाढलेली. तिसऱ्याचं काय झालं माहीत नाही.

कुंपणाबाहेर कोल्ह्याने उकरून बघितलंय. मला यातलं काही कळत नाही, मला गुलाब कळतात. या ना.

एनिड


कचरा डेपो, २८ ऑक्टोबर

वहिनी,

कॉलिन बाहेर इंजिन चालू ठेवून उभा आहे, म्हणून घाईत.

कुंपणाच्या बुडाला जाळी हातभर खोल पुरायची आणि वरून बाहेर वाकवायची, कोल्हा चढून मध्येच लटकतो. शेजारच्या मार्जरीच्या मांजराचा बंदोबस्त तुम्ही करा, ती बाई माझं ऐकणार नाही. कीटकनाशक एक थेंबही मारायचा नाही. गवत कापायचं नाही. हो, गवत कापायचं नाही असं मी तुम्हाला म्हणतोय.

इथे आता चारच उरलेत. दोन नर आहेत. आज संध्याकाळी चारही पोत्यात घालून घेऊन येतो, नर तुमच्या दुमडक्या कानाला चालतील असं धरून. आणखी दोन सांगाडे लागतील. कॅम्बूनच्या डेपोवाला माझा मित्र आहे, तो देईल.

चहाचं वाचून राग आला. मग आठवलं की दफनाच्या दिवशी मीही भलतंच बोललो, आणि चार वर्षं ते परत घ्यायला मला जमलं नाही. तेव्हा मी कशाला सुनावू?

दाढी करून येत नाही.

मर्व्ह


टॅराबूल, ११ नोव्हेंबर १९८६

मर्व्ह भावजी,

परवाच तुम्ही जाळी पुरून गेलात आणि आज लगेच पत्र, कारण हे तोंडी सांगितलं तर तुम्ही हसून खुर्चीवरून पडाल. कालच्या सभेत माझ्या परसाचा विषय निघाला. तीन सांगाडे, गुडघाभर गवत, हायवेवरून दिसतं. विजेत्या गावात! ठराव झाला, सहा विरुद्ध एक. एक मी. या वेळी चहा प्यायचा राहिला, कारण मी बोलत होते. नोटीस काढायचं काम अर्थात चिटणीसाचं. नोटीस आणि तिचं उत्तर, दोन्हींची नक्कल सोबत जोडली आहे.

एनिड

*

टॅराबूल गाव-सुशोभन समिती
१० नोव्हेंबर १९८६

श्रीमती एनिड टकवेल यांस,

आपल्या परसातील तीन गंजलेल्या गाड्या व वाढलेलं गवत यांमुळे गावाच्या लौकिकास बाधा येत आहे. सात दिवसांच्या आत परिसर स्वच्छ करावा, अन्यथा समिती तो आपल्या खर्चाने स्वच्छ करून देईल.

आपली,
एनिड टकवेल, चिटणीस

*

११ नोव्हेंबर १९८६

चिटणीस, गाव-सुशोभन समिती यांस,

आपली नोटीस मिळाली. आपलं अक्षर पाहून वाईट वाटलं.

गाड्या हलणार नाहीत. गवत कापलं जाणार नाही. माझ्या परसात आज सात बँडिकूट आहेत, आणि आम्हाला माहीत आहे तेवढं तरी या पठारावर आठवं नाही. समितीला खात्री करायची असेल तर सगळ्यांनी संध्याकाळी यावं, एका वेळी दोघांनी, आणि पायरीवर बसावं. दार उघडंच आहे. फक्त एक विनंती, येताना कुणीही झाडू आणू नये.

एनिड टकवेल